मेसेज तपासणाऱ्या टेस्ट: सुरुवातीला एवढंच सांभाळ

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांसाठी प्रोग्रॅम लिहितानाच टेस्टचं मनावर घेतलंस, हे फार बरं केलंस. प्रोग्रॅम जे मेसेज देतो ते टेस्टमध्ये कसे तपासायचे, ते पायथॉन आणि पायटेस्ट (पायथॉनच्या टेस्ट चालवायचं साधन) धरून सांगतो.

आधी मेसेज निघतो कुठून ते बघ. तो पकडायला पायटेस्टमध्ये वेगवेगळी सोय आहे: प्रिंट असेल तर कॅपसिस (capsys), लॉगिंग असेल तर कॅपलॉग (caplog), एक्सेप्शन असेल तर रेझेस (pytest.raises). नवखे बहुतेक इथेच गोंधळतात.

- अख्खं वाक्य जुळवत बसू नकोस. ‘लॉट १४: वजन शून्य आहे’ यात ‘लॉट १४’ आणि ‘वजन शून्य’ सापडलं की पुरे. उद्या कुणी शेवटी पूर्णविराम टाकला म्हणून टेस्ट पडायला नको.
- इन्फो मेसेज कॅपलॉगमध्ये दिसला नाही तर लगेच कोड खोदू नकोस. रूट लॉगरची (सगळ्या लॉगरच्या मुळाशी असलेल्या लॉगरची) लेव्हल मुळात वॉर्निंग असते, त्यामुळे तिच्याखालचे इन्फो मेसेज गाळले जातात. टेस्टमध्ये ती इन्फोवर आण.
- रेझेसचा मॅच रेजेक्स (मजकूर शोधायचा नमुना) धरतो आणि त्यात कंसाला वेगळा अर्थ असतो, त्यामुळे मेसेजमध्ये कंस असले की फसतो. एस्केप कर, म्हणजे कंस साधं अक्षर धरला जाईल.

आणि हे मात्र चुकवू नकोस: कोडमधला मेसेज मुद्दाम बदलून टेस्ट चालव. लाल झाली नाही, म्हणजे पडली नाही, तर ती काहीच तपासत नाहीये. वजन बरोबर असताना मेसेज येत नाही, याचीही एक टेस्ट हवीच.

मॉकिंग (खऱ्या भागाच्या जागी नकली भाग लावणं) आत्ता नको. अडलास तर टेस्ट आणि एरर दोन्ही पूर्ण पाठव.