घरची वायनरी काढायची, तर प्रमुख कोणाला करावं?
तासगावला बाग आहे, भाऊ-बहिणी मिळून वायनरी काढायची, प्रमुख कोण, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते बाग ज्याच्या हातात, तोडणीचा शेवटचा शब्द त्याचाच. शिराझ किंवा शेनिन ब्लांक ही वाइनची द्राक्षं खायच्या थॉमसन द्राक्षासारखी मण्याच्या फुगवणीवर बघायची नसते. रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून साखर २२ ते २४ ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) भरली का, बी तपकिरी झालं का, हे बघायचं आणि पहाटेच्या गारव्यात तोडायचं.

टाक्या मात्र शिकलेल्या वाइनमेकरकडंच द्या. आंबवण चालू असताना थोरल्यांनीही मधे पडू नये. २००१ च्या राज्याच्या वाइन धोरणानंतर पलूसला वाइन पार्क, म्हणजे वायनऱ्यांसाठीची औद्योगिक वसाहत, झालं, पण परवाने आणि उत्पादन शुल्काच्या नोंदवह्या शेवटी घरातल्याच कुणीतरी सांभाळायच्या असतात. ते काम लेक किंवा सूनबाई करणार असेल, तर भागीदारीपत्रात तिचं नाव आधी घाला.