खेळण्यातला मोबाइल घेताना
ताई, दीड वर्षाच्या लेकरासाठी घेताय ना? मग रंग, गाणी नंतर. आधी फोन पालथा करून बघा. सेलचं झाकण स्क्रूनं घट्ट बसलेलं हवं. नखानं उघडत असेल तर तिथेच ठेवून द्या. बटणासारखा चपटा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजतं. नुसता संशय आला तरी थेट हॉस्पिटल गाठायचं. मी तर पेन्सिल सेलवालाच घ्या म्हणेन.

आयएसआयची खूण बघाच, १ जानेवारी २०२१ पासून ती खेळण्यांना सक्तीची आहे.

आवाज दुकानातच स्वतःच्या कानाशी धरून ऐका, कारण पोरं फोन कानालाच लावतात. कर्कश वाटला तर दुसरा बघा. घरी आलेलाच असेल, तर स्पीकरच्या भोकांवर चिकटपट्टी लावा, बराच उतरतो.