पंपाला हात लावण्याआधी

भाऊ, डिझेल गाडी स्टार्ट होत नाही म्हणजे इंजेक्टरना जोरात डिझेल ढकलणारा हाय प्रेशर पंपच गेला, असं धरून चालू नकोस. आधी डिझेल फिल्टर काढ, त्यातलं डिझेल पांढऱ्या वाटीत ओत आणि उन्हात हलवून बघ. वर्खासारखी चमक दिसली तर पंप आतून झिजतोय. मग नुसता पंप बदलून भागत नाही, तो धातूचा चुरा रेल (दाबाखालचं डिझेल साठवणारी नळी) आणि इंजेक्टरपर्यंत (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) गेलेला असतो. अशी गाडी सरळ टोचन करून डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराकडे ने. डिझेल इंजेक्शनचे भाग बनवणाऱ्या बॉशचा कारखाना सातपूरला असलेल्या आपल्या नाशकात जाणता माणूस सापडतोच.

डिझेल स्वच्छ निघालं तर पंप बदलायचं काम कर घरी. पण इंजिन चालू असताना पाइपचा नट सैल करायचा नाही, म्हणजे नाही! कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या त्या सामाईक नळीत, 1600 बार किंवा त्याहून जास्त दाब असू शकतो. बारीक फवारा कातडीत घुसतो. जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमवायची वेळ येते. बंद केल्यावरही अर्धा तास चहा पी.

दुसरा शत्रू धूळ. मी पहिला पंप पंचवटीत रस्त्याकडेला, एप्रिलच्या वाऱ्यात बदलला. पाइपांची तोंडं उघडीच ठेवली आणि दोन इंजेक्टर घालवले. काढल्या काढल्या टोपणं लाव.

पंप टायमिंग बेल्टवर असेल तर खुणा करून फोटो काढ. हाय प्रेशर पाइप नवेच घे. आणि डिझेल हेच पंपाचं वंगण. म्हणून प्रायमरने (डिझेल भरायचा हातपंप) हवा काढल्याशिवाय सेल्फ मारू नकोस.