ऑनलाइन विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल तर पैसे देऊ करावेत का? कधी आणि किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांच्या नावाचं मोडीतलं खरेदीखत आणि डाळिंबावर पडलेले डाग, असे दोन प्रश्न तुम्ही तीन-चार ठिकाणी टाकले, पण कुणी दाद देईना. आता खाली ‘अचूक उत्तराला ५०० रुपये’ असं लिहावं का, की लोकांना ते अपमानास्पद वाटेल?

असं लिहू नका. अपमान वाटेल म्हणून नव्हे, तर त्या ओळीने चुकीची माणसं गोळा होतात म्हणून.

मी सोलापुरात कर सल्लागार आहे. माझे पक्षकार बहुतेक पूर्व भागातले, टॉवेल-चादरीच्या धंद्यातले. दिवसभर फी घेऊन उत्तरं देतो आणि रात्री जेवण झाल्यावर इथं फुकट देतो. घरच्यांना हे कोडं अजून सुटलेलं नाही. पण दोन्ही बाजूंनी बसत असल्यामुळे कुठला प्रश्न फुकटात सुटतो आणि कुठला पैशांशिवाय हलत नाही, हे एव्हाना कळायला लागलंय.

मी एवढंच बघतो: उत्तर तुमच्या एकट्याच्याच उपयोगाचं आहे का, आणि ते द्यायला समोरच्याला तुमचे कागद घेऊन बसावं लागणार आहे का? दोन्हीला ‘हो’ येत असेल तर पैशांची गोष्ट काढा. नाहीतर तूर्त नको.

उदाहरण देतो. एकाने विचारलं, टॉवेलवर जीएसटी किती लावायचा, हजाराच्या वर बारा टक्के ना? हे मला शोधावं लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मर्यादा बदलली आहे. नगाची विक्री किंमत अडीच हजारांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर गेली तर १८. हजाराची मर्यादा आणि बारा टक्के हे जुनं झालं. लिहायला दोन मिनिटं लागली, आणि तेच उत्तर पुढे आणखी दहा टॉवेलवाले वाचतील. अशा प्रश्नाला कुणी पन्नास रुपये देऊ केले तर मला उलट अवघडल्यासारखं होतं. घ्यावेत तर लाज वाटते, नको म्हणावं तर उगीच संभाषण वाढतं.

त्याच सुमारास आणखी एका अनोळखी माणसाचा संदेश आला. सोबत नोटिशीचा फोटो, तोही तिरका, वर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा पडलेला. खाली फक्त ‘सर काय करू, अर्जंट’. नोटीस एएसएमटी-१० ची होती, म्हणजे विवरणपत्रात तफावत सापडली आहे, खुलासा करा. त्याला तीस दिवसांची मुदत असते. पण तफावतीचा तक्ता दुसऱ्या पानावर, आणि दुसऱ्या पानाचा फोटोच नाही. समजा तो मिळाला, तरी पुढे काय? पोर्टलवरचं दोन-बी, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या विवरणपत्रांवरून तयार होणारा तक्ता, उतरवायचं, त्याच्या खरेदीच्या वहीशी जुळवायचं, कुठल्या सूतवाल्याने आपलं विवरणपत्र भरलंच नाही म्हणून याचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) अडकलंय ते बिलागणिक शोधायचं आणि मग खुलासा लिहायचा. दुपार जाते. शिवाय चूक झाली तर दंड आणि व्याज त्या माणसाच्या बोकांडी. अशा प्रश्नाखाली शांतता असते ती लोक कद्रू आहेत म्हणून नसते. अर्धवट कागद बघून सल्ला देणं बेजबाबदारपणाचं आहे हे जाणकाराला ठाऊक असतं. जो जाणकार नाही तो मात्र हमखास उत्तर देतो.

अशा वेळी पैसे देऊ केले की समोरच्याला कळतं, हा माणूस काम देतोय आणि मी ते अंगावर घेतलं तर जबाबदारीही माझी. खरं तर फीने वेळ विकत मिळतो तसा समोरच्याला ‘दुसरं पान पाठवा, त्याशिवाय बोलणार नाही’ असं ठणकावून सांगायचा हक्कही मिळतो. फुकटात एवढा आग्रह कोण करतो?

आता ५०० रुपयांच्या बक्षिसाकडे येतो. ‘जो अचूक सांगेल त्याला’ असं म्हटल्यावर अचूक कोणतं हे ठरवणार कोण? तुम्हीच. तुम्हाला मोडी येत असती तर प्रश्नच विचारला नसता. पाच जण उत्तर देणार, चौघांची मेहनत वाया जाणार, हे दिसत असताना ज्याच्या हाताला काम आहे तो त्या शर्यतीत उतरत नाही. उतरतात ते घाईघाईत काहीतरी चिकटवणारे. हल्ली तर मशीनकडून लिहून घेतलेलं गुळगुळीत उत्तरही येतं, आणि मोडीच्या बाबतीत त्यावर विसंबून जमिनीचा निर्णय घेणं म्हणजे आगीशी खेळ.

पैसे दिले की उत्तर चांगलं मिळतं का, याचा लोकांनी रीतसर अभ्यास केलेला आहे. गुगलने २००२ मध्ये अशी एक सेवा काढली होती. विचारणारा २ ते २०० डॉलरमधली रक्कम स्वतः ठरवायचा, गुगलने निवडलेले संशोधक उत्तर द्यायचे आणि रकमेचा पाऊण हिस्सा त्यांना मिळायचा. २००६ च्या अखेरीस ती बंद पडली. तिच्यावर २००८ मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं की फुकट जागांपेक्षा तिथली उत्तरं सरस होती आणि जास्त पैसे देणाऱ्याला जास्त चांगलं मिळत होतं. २०१० मधल्या दुसऱ्या अभ्यासात मात्र वेगळंच निघालं. रक्कम वाढवली की उत्तर लांब होतं, चांगलं होत नाही. चांगलं उत्तर येतं ते ज्याचं नाव आधीपासून चांगलं आहे अशा माणसाकडून. माझा अनुभव या दुसऱ्या बाजूचा. पानं वाढवून बिल वाढवणारे आमच्याही धंद्यात आहेत, नावं घेत नाही. तेव्हा रकमेचा विचार करण्याआधी माणूस कोण हे बघा. त्याने आधी दिलेली पाच-सहा उत्तरं वाचा. ‘हे मला कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही’ असं तो कुठेतरी म्हणालेला सापडला तर तो तुमचा माणूस.

किती द्यावेत? इथं बहुतेकांचा गोंधळ होतो. इस्रायलमधल्या हायफा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००० मध्ये प्रसिद्ध झाला. बुद्धिमापन चाचणीसारखे पन्नास प्रश्न होते. ज्यांना उत्तरांसाठी वेगळे पैसे दिले नाहीत त्यांनी सरासरी २८ बरोबर सोडवले. ज्यांना प्रत्येक बरोबर उत्तराला अगदी चिल्लर देऊ केली त्यांनी फक्त २३. आणि ज्यांना त्याच्या दहापट दिले त्यांनी जवळजवळ ३५. म्हणजे चिल्लर देण्यापेक्षा काहीच न दिलेलं बरं. फुकट मदत करणारा स्वतःला मदत करणारा समजतो. हातावर वीस रुपये टेकवले की तो हिशेब करायला लागतो आणि हिशेबात वीस रुपये फार वाईट दिसतात.

म्हणून ‘चहापाण्याचे देतो’, ‘काहीतरी समजून घेऊ’ असली भाषा नको. त्या कामाला बाजारात जो दर आहे तो विचारा आणि तो परवडत असेल तरच पुढे बोला. परवडत नसेल तर तसं स्पष्ट लिहून फुकट मदत मागा, त्यात कमीपणा नाही. मी स्वतः माहेरच्या मालमत्तेत अडकलेल्या एका विधवा बाईंचं काम एक पैसा न घेता केलंय, कारण त्यांनी पहिल्याच ओळीत परिस्थिती सांगितली. ‘होऊन जाऊ द्या, मग बघू’ म्हणणाऱ्याचं मी करत नाही.

पैशांची गोष्ट पहिल्याच दिवशी काढू नका, हेही सांगतो. संगणक प्रोग्रामिंगवाल्यांची स्टॅक ओव्हरफ्लो नावाची जागा आहे, तिथं बक्षीस रुपयांत नसतं, स्वतः कमावलेल्या गुणांतून द्यावं लागतं, किमान ५० आणि कमाल ५००. गंमत अशी की प्रश्न टाकल्यावर दोन दिवस जाईपर्यंत बक्षीस लावताच येत नाही, आणि लावलं की उत्तर येवो न येवो, ते गुण परत मिळत नाहीत. मला हे दोन्ही नियम फार आवडतात. त्या दोन दिवसांत माणूस आपलाच प्रश्न पुन्हा वाचतो आणि लक्षात येतं की आपण मुख्य गोष्ट लिहिलीच नव्हती. बिनउत्तराचे निम्मे प्रश्न पैशाअभावी नव्हे तर तपशिलाअभावी पडून असतात, असं मी पैजेवर सांगेन.

आणखी एक. खिशात हात घालण्याआधी आपण आधीच पैसे मोजून ठेवलेलं एखादं दार आहे का ते बघा, म्हणजे आपल्या कराच्या पैशांतून चालणारं. कोर्टाचा विषय असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. १९८७ च्या कायद्यानुसार महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. विडी कामगार बाया ऑनलाइन कुणाला तरी ‘सल्ला फी’ भरतात आणि या दाराची त्यांना खबरच नसते, याचा मला खरोखर राग येतो. फी घेणाऱ्याचा, बायांचा नाही.

फसवणुकीबद्दल दोनच वाक्यं, कारण सगळ्यांना माहीत असूनही लोक अडकतात. डॉक्टर, वकील, सीए म्हणवणाऱ्याकडून आधी नोंदणी क्रमांक मागा, आणि पैसे ‘परत घ्यायला’ क्यूआर स्कॅन करा किंवा यूपीआयचा पिन टाका असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा, कारण पैसे घ्यायला पिन लागत नाही. गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. इंग्रजांनी शहरात मार्शल लॉ लावला ते हेच साल असल्यामुळे सोलापूरकराला हा आकडा विसरायचं कारण नाही.

काम झाल्यावर आपणहून काही पाठवणं हा वेगळा प्रकार, त्यात बिनधास्त राहा. मला एकाने रिटर्नची अडचण सुटल्यावर शेंगाचटणी कुरिअर केली होती. सोलापुरात शेंगाचटणी पाठवणारा भला माणूस नागपूरचा होता, त्याला काय बोलणार! पण चटणी आधी कबूल केली असती तर मी नको म्हणालो असतो.

आता तुमचे दोन प्रश्न.

मोडीचं खरेदीखत पैशांचं काम आहे. एखाद-दुसऱ्या ओळीत नाव किंवा साल वाचून हवं असेल तर तेवढ्या ओळींचा स्पष्ट फोटो टाका, मोडीची आवड असलेले लोक ते हौसेने वाचतात आणि त्यांना पैसे विचारू नका. पण अख्ख्या दस्ताचं लिप्यंतर हवं असेल तर मोडी जाणणाऱ्या एकाच माणसाला वैयक्तिक लिहा, साधारण असं: ‘नमस्कार. आजोबांचं मोडीतलं खरेदीखत आहे, इतकी पानं, कडा फाटलेल्या आहेत. पूर्ण देवनागरी लिप्यंतर हवं आहे. तुमचा पानाचा दर काय? निम्मी रक्कम आधी पाठवतो, उरलेली मजकूर मिळाल्यावर. जो शब्द लागणार नाही तिथं अंदाज न करता जागा मोकळी सोडलीत तरी चालेल.’ ते शेवटचं वाक्य जरूर ठेवा. जमिनीच्या कागदात अंदाजाने भरलेली चतुःसीमा पुढे दोन पिढ्या भांडण लावते. आणि हे लिप्यंतर कोर्टात दाखवायचं असेल तर ते कुणाकडून केलेलं चालेल हे आधी वकिलाला विचारा, म्हणजे दोनदा पैसे जाणार नाहीत.

डाळिंबाला एक रुपयाही लावू नका. तुम्ही टाकलेल्या फोटोत फक्त एक फळ आहे, तेही लांबून. जवळून परत फोटो काढा: डाग तेलकट दिसतोय का, डागाच्या जागी फळाला एल किंवा वाय आकाराची चीर गेली आहे का, पानांवरही तसेच ठिपके आहेत का. तसं असेल तर तेल्या रोगाचा संशय घ्यायला जागा आहे, आणि तो जिवाणूंमुळे होतो, त्यामुळे कुणाच्या सांगण्यावरून नुसतं बुरशीनाशक मारत बसलात तर औषधाचे पैसे वाया. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि तुम्ही सोलापूर जिल्ह्यातलेच असाल तर राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र केगावला, पुणे रस्त्यालाच आहे. एक डागाळलेलं फळ आणि चार पानं पिशवीत घालून सरळ तिकडे जा.