वाचकांचे प्रश्न : जलीय थर, सेंद्रिय थर आणि मधला दुधाळ पट्टा

प्रश्न : सेपरेटिंग फनेलमधल्या (न मिसळणारे द्रव वेगळे करायच्या, खाली तोटी असलेल्या काचपात्रातल्या) वरच्या थराला ‘सुपरनेटंट’ म्हणावे का? पाण्याचा थर कोणता, हे कसे ओळखायचे?

उत्तर : नाही. गाळ तळाशी बसल्यावर किंवा सेंट्रिफ्यूज केल्यावर त्यावर जी निवळ उरते, ती सुपरनेटंट. तिथे खाली घन पदार्थ असतो. दोन न मिसळणाऱ्या द्रवांसाठी ‘जलीय थर’ (पाण्याचा) आणि ‘सेंद्रिय थर’ (ईथरसारख्या कार्बनी द्रावकाचा) हीच नावे वहीत लिहा. नुसते ‘वरचा’, ‘खालचा’ लिहिलेत तर घोटाळा ठरलेला, कारण थरांच्या जागा घनतेवर ठरतात. ईथर (०.७१ ग्रॅम प्रति मिली) आणि इथाइल ॲसिटेट (०.९०) पाण्यावर तरंगतात, डायक्लोरोमिथेन (१.३३) आणि क्लोरोफॉर्म (१.४९) तळाला जातात. क्लोरोबेंझीन (१.११) तर साध्या पाण्यात खाली राहते, पण मिठाच्या संपृक्त द्रावणाने (सुमारे १.२०) धुताना वर येते!

म्हणून पाठांतरावर विसंबू नका. परीक्षानळीत खालच्या थराचे थोडे थेंब घेऊन त्यात पाणी घाला. एकजीव झाले तर तो जलीय थर, वेगळे राहिले तर सेंद्रिय. तोटी उघडण्याआधी बूच काढा, नाहीतर आत पोकळी निर्माण होऊन धार थांबते. खालचा थर तोटीतून सोडा, वरचा मात्र तोंडाकडून ओता. तोटीखालच्या नळीत आधीच्या थराचे थेंब चिकटलेले असतात. अंतिम पदार्थ हाती येईपर्यंत कोणताही थर टाकून देऊ नका.

प्रश्न : दोन थरांच्या मध्ये दुधाळ पट्टा राहतो. त्याचे काय करावे?

उत्तर : ते इमल्शन आहे, म्हणजे एका द्रवाचे बारीक थेंब दुसऱ्यात विखुरलेले मिश्रण. त्यात बारीक कण अडकले असतील तर प्रयोगशाळेत त्याला ‘रॅग लेयर’ म्हणतात. जोरजोरात हलवणे हे नेहमीचे कारण. मिश्रणात साबणासारखा पदार्थ असेल तर पट्टा हटता हटत नाही. फनेल दहा-पंधरा मिनिटे स्थिर ठेवा, मग हळूच गोल फिरवा. तरीही राहिला तर मिठाचे संपृक्त द्रावण थोडे घाला. डायक्लोरोमिथेन असेल तर मीठ जपून वापरा : जलीय थर जड होऊन दोन्ही घनतांमधला फरक कमी होतो आणि थर सावकाश सुटतात. तिथे आणखी डायक्लोरोमिथेन घालणे बरे. कणांमुळे अडले असेल तर सगळे मिश्रण सेलाइटच्या (गाळण्यासाठी वापरायच्या बारीक भुकटीच्या) थरातून पंपाने गाळून पुन्हा फनेलमध्ये घ्या. एवढे करूनही पट्टा उरला, तर तो जलीय थराबरोबर ठेवून ताज्या द्रावकाने पुन्हा निष्कर्षण करा, म्हणजे हवा तो पदार्थ द्रावकात ओढून घ्या.