वाचकांचे प्रश्न : लाखात किती, शंभरात किती?

प्रश्न : एकाच आजाराबद्दल एका अहवालात 'लाखात ३०' तर दुसऱ्यात 'लाखात ४५०' असे आकडे वाचले. यातला खरा कोणता? आणि उपचार सुधारूनही काही आजारांचे रुग्ण वाढताना दिसतात, ते कसे?

उत्तर : दोन्ही खरे असू शकतात. पहिला आकडा वर्षभरात नव्याने आजारी पडलेल्यांचा, तर दुसरा त्या घटकेला आजार घेऊन जगणाऱ्यांचा. परिस्थिती स्थिर असेल तर साधा हिशेब चालतो : नव्या रुग्णांचा दर गुणिले आजाराचा सरासरी कालावधी. लाखात ३० नवे रुग्ण, आजार सरासरी १५ वर्षे टिकतो, म्हणून ४५०. उद्या चांगल्या औषधाने रुग्ण २० वर्षे जगू लागले तर हाच आकडा ६०० होईल, नवा रुग्ण एकही न वाढता.

एचआयव्हीचे हेच झाले. १९९५ च्या सुमारास जगात दरवर्षी ३० लाखांहून अधिक नवे संसर्ग होत. २०२३ मध्ये ते सुमारे १३ लाखांवर आले. तरी एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या ४ कोटींच्या घरात गेली, कारण औषधांमुळे माणसे जगली. उलट टोकाला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे. २०२२ मध्ये जगभरात अंदाजे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आणि ४ लाख ६७ हजार मृत्यू. तिथे 'सध्याचे रुग्ण' मोजून आजाराचे गांभीर्य कळणारच नाही, कारण मोजायला फारसे कोणी उरत नाही.

औषधांचा साठा किंवा दवाखान्यांची गरज ठरवायची असेल तर सध्याचे रुग्ण बघा. प्रतिबंधाचा उपाय लागू पडतोय का, हे पाहायचे असेल तर फक्त नवे रुग्ण.

प्रश्न : साथ आली की पहिल्या महिन्यात 'मृत्यूचे प्रमाण ४ टक्के' असे सांगतात, पुढे १०, मग भलतेच काही. सुरुवातीला नीट मोजता येत नाही का?

उत्तर : मोजणारे बहुतेक वेळा नीटच मोजतात. गोंधळ भागाकारात असतो. वर मृत्यू, खाली रुग्ण. आणि या दोन्ही संख्या वेगवेगळ्या कारणांनी अपुऱ्या असतात.

पहिली अडचण वेळेची. साथ वाढत असताना आजच्या रुग्णांपैकी अनेकांचा निकाल लागायचा असतो. ते छेदात मोजले जातात, पण त्यांच्यातले मृत्यू अजून अंशात आलेले नसतात. म्हणून दर कमी दिसतो. २००३ च्या सार्स साथीत सुरुवातीचे अंदाज ४ टक्क्यांच्या आसपास होते, मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने ते १४-१५ टक्क्यांवर नेले आणि साथ संपल्यावर ८,०९६ रुग्ण व ७७४ मृत्यू, म्हणजे ९.६ टक्के, असा हिशेब लागला. यावर उपाय म्हणून ज्यांचा निकाल लागला आहे (बरे झाले किंवा वारले) तेवढेच छेदात घेतात. मात्र यात उलटी चूक होऊ शकते : मृत्यूची नोंद लवकर होते, बरे झालेल्यांची रेंगाळते, आणि दर फुगतो. त्यामुळे रुग्णांचा गट लागणीच्या आठवड्यानुसार बांधून त्या गटाचा शेवटपर्यंत पाठपुरावा करणे हीच भरवशाची पद्धत.

दुसरी अडचण, निकालच न कळणे. पश्चिम आफ्रिकेतल्या २०१४-१६ च्या इबोला साथीत सुमारे २८,६०० रुग्ण आणि ११,३०० मृत्यू नोंदले गेले. नुसता भागाकार केला तर ४० टक्के. पण २०१४ मध्ये ज्यांचे पुढे काय झाले ते निश्चित ठाऊक होते, त्यांच्यात हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास निघाले. ठावठिकाणा न लागलेला रुग्ण हिशेबात आपोआप 'जिवंत' धरला जातो, हे विसरू नये.

तिसरी अडचण सर्वांत मोठी : सौम्य आजारी माणूस तपासणीला येतच नाही. मग छेदात गंभीर रुग्णच उरतात आणि आजार आहे त्याहून घातक वाटतो. रक्तातील प्रतिपिंडांचे (अँटीबॉडीजचे) सर्वेक्षण करून खरे संसर्ग किती, याचा अंदाज घेतला की हे प्रमाण झपाट्याने खाली येते. वाचताना एवढेच तपासा : दर 'निदान झालेल्यां'पैकी आहे की 'संसर्ग झालेल्यां'पैकी? हे न सांगणारी टक्केवारी आमच्या मते वाचायच्याही लायकीची नाही.

अंशही सुटतो. २००९ च्या एच१एन१ (स्वाइन फ्लू) साथीत प्रयोगशाळेत सिद्ध झालेले मृत्यू सुमारे १८,५००. नंतरच्या अभ्यासात पहिल्या वर्षाचा अंदाज दीड लाख ते पावणेसहा लाख निघाला. म्हणून हल्ली 'अतिरिक्त मृत्यू' काढतात : मागील काही वर्षांवरून अपेक्षित मृत्यू ठरवायचे आणि प्रत्यक्ष एकूण मृत्यूंतून वजा करायचे. कोविडसाठी २०२०-२१ मध्ये नोंद ५४ लाखांची होती, जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज १ कोटी ४९ लाखांचा. यात दवाखाना न मिळाल्याने इतर आजारांनी गेलेलेही येतात, हे लक्षात ठेवावे.

प्रश्न : दोन प्रदेशांचे मृत्युदर सरळ शेजारी ठेवून तुलना केली तर काय बिघडते?

उत्तर : वय. 'अ' प्रदेशात दर लाखात ९०,००० लोक साठीच्या आतले आणि १०,००० पुढचे, असे धरू. 'ब' मध्ये ७०,००० आणि ३०,०००. एखाद्या आजाराने साठीच्या आत 'अ' मध्ये लाखात ५० आणि 'ब' मध्ये ४० जण दगावतात. साठीनंतर अनुक्रमे १,००० आणि ८००. म्हणजे दोन्ही वयोगटांत 'ब' ची स्थिती चांगली. आता एकूण मृत्यू काढा : 'अ' मध्ये ४५ अधिक १००, म्हणजे १४५, 'ब' मध्ये २८ अधिक २४०, म्हणजे २६८. जिथे स्थिती चांगली, तोच प्रदेश जवळजवळ दुप्पट घातक दिसला.

दुरुस्ती अशी. दोघांसाठी एकच प्रमाण लोकसंख्या घ्या, समजा ८०,००० आणि २०,०००, आणि प्रत्येकाचे वयानुसार दर तिला लावा. 'अ' : ४० अधिक २०० = २४०. 'ब' : ३२ अधिक १६० = १९२. प्रत्यक्षात पाच-पाच वर्षांचे गट घेतात. कर्करोगाच्या आकडेवारीत बहुधा १९६० च्या दशकातली, जपानी संशोधक सेगी यांच्या नावाची प्रमाण लोकसंख्या वापरतात, इतरत्र जागतिक आरोग्य संघटनेची. दुसरीत वृद्धांचा वाटा जास्त असल्याने वाढत्या वयाच्या आजारांचे दर जास्त येतात. दोन वेगळ्या प्रमाण लोकसंख्यांवरचे दर एकमेकांशी ताडू नका. आणि हा दर फक्त तुलनेसाठी. खाटा किती लागतील हे विचाराल तर उत्तर २६८ वरूनच काढायचे.

प्रश्न : 'पाच वर्षे जगणाऱ्या कर्करुग्णांचे प्रमाण वाढले' म्हणजे उपचारांना यश आले ना?

उत्तर : नेहमीच नाही. ६७ व्या वर्षी निदान होऊन ७० व्या वर्षी वारलेला माणूस 'पाच वर्षे' गाठत नाही. चाचणीने निदान ६३ व्या वर्षीच झाले आणि तो ७० व्या वर्षीच गेला, तर गाठतो. आयुष्य एक दिवसही वाढलेले नाही. दक्षिण कोरियात थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि २०११ मध्ये या कर्करोगाचे निदान १९९३ च्या १५ पट झाले. मृत्युदर होता तिथेच राहिला. तेव्हा जोडीला मृत्युदर घटला का, ते पाहा.

प्रश्न : मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडल्याने' असे लिहिलेले चालते का?

उत्तर : आकडेवारीसाठी ते निरुपयोगी. साखळीतले मूळ कारण, उदाहरणार्थ मधुमेह, दाखल्यातील कारणांच्या पहिल्या भागाच्या भरलेल्या ओळींपैकी सर्वांत खालच्या ओळीवर हवे. दुसऱ्या भागात फक्त हातभार लावणारे आजार.

प्रश्न : संस्थेतर्फे एका आजाराचे सर्वेक्षण करायचे आहे. किती माणसे तपासावीत?

उत्तर : प्रमाण १० टक्के असेल असा कयास आणि ३ टक्के इकडे-तिकडे चालणार असेल, तर ९५ टक्के खात्रीसाठी ३८५. वस्त्या निवडून त्यातली घरे घेणार असाल तर दुप्पट धरा, ७७०. दहातला एक नकार देईल म्हणून ८५६.

मग चाचणीची दुरुस्ती. समजा चाचणी ९० टक्के रुग्ण पकडते आणि निरोगी माणसांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर 'नाही' म्हणते. १० टक्के लोक पॉझिटिव्ह आले तर त्यातून चुकीचे ५ टक्के वजा करायचे आणि ०.८५ ने भागायचे (०.९० अधिक ०.९५ वजा १). खरे प्रमाण ५.९ टक्के. मोजलेल्याच्या जेमतेम साठ टक्के.

आजार लाखात १५ इतका दुर्मीळ असेल तर मात्र या ८५६ जणांत एकही रुग्ण सापडणार नाही, हेच जास्त संभवते. तिथे घरोघर फिरू नका. दवाखाने, प्रयोगशाळा आणि मृत्यूच्या नोंदी जुळवून रुग्णनोंदणी करा, आणि एकच रुग्ण तीन ठिकाणी मोजला गेला नाही ना, ते आधी तपासा.