पावसाआधी परसबागेची तयारी

भेंडी-दोडकी लावायची घाई समजते, पण आधी माती बघा. गोव्याची जांभ्याची माती आम्लधर्मी. मे महिन्यात चौरस मीटरला साधारण 200 ग्रॅम शेतीचा चुना मिसळा. शेणखत दोन आठवड्यांनी घाला. दोन्ही एकत्र पडलं की नत्र वायू होऊन उडतं.

वाफे 25-30 सेंटिमीटर उंच हवेतच. पाणी तुंबलं की मुळं गुदमरतात, रोपं पिवळी पडतात आणि आपण उगाच खत ओतत बसतो.

सातधारी (सात शिरांच्या) भेंडीचं बी रात्रभर भिजवा, 2 सेंटिमीटर खोल टोकणी करा, झाडांत 45 सेंटिमीटर अंतर सोडा. पहिल्या सरीला भुलू नका, पाऊस धरू दे. मधे उघडीप पडली तर कोंब सुकतात.

वेलींचा माटव (मांडव) आताच उभारा, चिखलात खांब धरत नाहीत. झडीत मधमाश्या फिरकत नाहीत, मग इवलं फळ पिवळं पडून गळतं. अशा वेळी नरफूल तोडून पाकळ्या मागे दुमडा आणि पराग मादीफुलाला हलकेच लावा. काकडीला सकाळी, दोडक्याला संध्याकाळी, कारण त्याचं फूलच तेव्हा उमलतं.

गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचा. मीठ नको, ते वाफ्यातच मुरतं.